पोर्ट फॉरवर्डिंग केलं पण चालत नाही? आधी पॅकेट कुठे अडलंय ते शोधा

पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेल्याला राउटरमधून घरातल्या ठरावीक मशीनकडे पाठवायची सोय, चालत नाही म्हणून कोणी मदत मागितली की सोबत काय येतं, तर राउटरच्या सेटिंग पानाचा स्क्रीनशॉट. रूल टाकलाय, सेव्ह केलाय, राउटर तीनदा बंद-चालू करून झालाय, तरी बाहेरून काही उघडत नाही. आणि गंमत म्हणजे त्या स्क्रीनशॉटमधला रूल बऱ्याचदा बरोबरच असतो. चूक भलतीकडेच असते, पण समोर दिसतं ते पान राउटरचं, म्हणून माणूस तिथेच उकरत बसतो. मी पण बसलोय, एकदा सलग दोन संध्याकाळी, त्याची गोष्ट पुढे सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेरून निघालेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तुमच्या मशीनपर्यंत यायला आणि त्याचं उत्तर परत जायला वाटेत चार-पाच नाकी आहेत. कुठल्या नाक्यावर अडलंय ते कळलं की दुरुस्ती पाच मिनिटांची असते. ते न शोधता दिसेल ते बटण दाबत बसलं की काम तर होत नाहीच, वर नंतर आपण काय काय बदललं तेही आठवत नाही.

आधी थोडक्यात, होतं काय ते. घरात मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे अशी दहा-पंधरा डिव्हाइसेस असली तरी आयपीव्ही४ च्या जगात (इंटरनेटवरच्या पत्त्यांची ही जुनी पद्धत) बाहेरून पत्ता एकच दिसतो, राउटरचा. आतले पत्ते सगळे खाजगी, १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधले. हे तीन पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत, इंटरनेटवर ते चालतच नाहीत. तुमचा लॅपटॉप एखादी साइट उघडतो तेव्हा राउटर आपल्या वहीत नोंद करतो की अमुक मशीनने अमुक पोर्टवरून तमुक ठिकाणी विचारलंय, पॅकेटवर स्वतःचा पत्ता टाकतो आणि पुढे पाठवतो. उत्तर आलं की वही बघायची आणि ज्याचं त्याला द्यायचं. हेच नॅट. आता बाहेरून कोणी आपणहून आलं तर वहीत त्याची नोंदच नाही, मग ते द्यायचं कोणाला? राउटर ते टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या वहीत आपण हाताने लिहिलेली कायमची ओळ, की २५५६५ नंबरच्या पोर्टवर कोणी आलं तर त्याला १९२.१६८.१.५० कडे पाठव. पोर्ट म्हणजे तरी काय, एकाच मशीनवर चालणाऱ्या वेगवेगळ्या प्रोग्राम्सना ओळखायचा नंबर, ० ते ६५५३५ मधला.

फायरवॉलचं काम वेगळं. फॉरवर्डिंग सांगतं पॅकेट कुठे न्यायचं, फायरवॉल ठरवते जाऊ द्यायचं की नाही. आणि फायरवॉल एक नसते, कमीत कमी दोन असतात, एक राउटरमध्ये आणि एक त्या मशीनमध्येच, आणि अँटीव्हायरस भारीतला असेल तर त्याची तिसरी. लोक राउटरची बंद करून बघतात (हे करू नका, खरंच) आणि मशीनवरची विसरून जातात.

आता पहिली तपासणी. ही सगळ्यात आधी, कारण इथेच गाडी अडली असेल तर पुढचं सगळं फुकट. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी किंवा इंटरनेट आयपी असा एक पत्ता असतो, तो लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये आपला पब्लिक आयपी दाखवणारी कुठलीही साइट उघडा, आयपीव्ही४ चा पत्ता बघा. दोन्ही सारखे असतील तर छान. वेगळे असतील तर तुमच्या राउटरच्या पलीकडे अजून एक नॅट बसलंय, आणि मग तुमचा रूल कितीही सुंदर असला तरी पॅकेट तुमच्या राउटरच्या दारापर्यंत येतच नाही.

वॅन आयपीचा पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल तर समजायचं की तुम्ही सीजीनॅटवर आहात, म्हणजे कॅरियर ग्रेड नॅट. आयपीव्ही४ चे पत्ते एकूणच सुमारे ४२९ कोटी, ते केव्हाच पुरेनासे झाले, म्हणून इंटरनेट कंपनी कितीतरी गिऱ्हाइकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवते. तुमच्या घरात जे नॅट चालतं तेच मोठ्या प्रमाणावर कंपनीकडे चालतं, आणि त्यांच्या वहीत तुम्हाला हाताने ओळ लिहिता येत नाही. १००.६४ चा हा पट्टा याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. काही कंपन्या त्याऐवजी १० वाला पट्टाही वापरतात, त्यामुळे फक्त १०० शोधू नका, दोन पत्ते जुळतात का ते बघा. एक फसगत सांगून ठेवतो, तुमच्या कॉम्प्युटरवर टेलस्केल (मशीन्स एकमेकांना खाजगी वाटेने जोडणारं ॲप) टाकलेलं असेल तर तेही १०० नेच सुरू होणारा पत्ता देतं, तो बघून घाबरू नका, बघायचा तो राउटरवरचा वॅन पत्ता.

सीजीनॅट निघालं तर कस्टमर केअरला फोन लावून पोर्ट फॉरवर्डिंग होत नाही अशी तक्रार करू नका, समोरचा तुम्हाला राउटर रिस्टार्ट करायला लावेल आणि तिकीट बंद करेल. सरळ म्हणा, मी सीजीनॅटवर आहे, मला पब्लिक आयपी पाहिजे. देत असतील तर प्रश्न मिटला. नसतील देत तर पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडून उलटा रस्ता धरायचा, म्हणजे आपलं मशीनच आतून बाहेर कनेक्शन करून ठेवेल असं काहीतरी, टेलस्केल, क्लाउडफ्लेअर टनल किंवा भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर वायरगार्ड, म्हणजे स्वतःचं व्हीपीएन (दोन टोकांमधला खाजगी बोगदा). आतून बाहेर जाणाऱ्याला नॅट कधीच अडवत नाही, वहीत नोंद होते ना.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा दुसरं नॅट तुमच्याच घरात असतं. कंपनीने लावलेला फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो, आणि त्याच्यामागे आपण हौसेने आणलेला दुसरा राउटर. याला डबल नॅट म्हणतात. अशा वेळी कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (नॅट न करता नुसतं पुढे सोडणारा) टाकायचा, किंवा आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देणारा), किंवा ते जमत नसेल तर दोन्ही ठिकाणी रूल टाकायचा, पहिल्या डब्यातून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्यातून मशीनकडे. चालतं तेही, फक्त सहा महिन्यांनी काही बदलायचं झालं की डोकं धरायची वेळ येते. खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड, चालवून बघा, सुरुवातीच्या दोन्ही पायऱ्यांवर खाजगी पत्ते दिसले तर शंकेला बरीच जागा आहे.

हे नाकं पार झालं की लगेच राउटरकडे धावू नका, उलट एकदम दुसऱ्या टोकाला या, ज्या मशीनवर प्रोग्राम चालतोय तिथे. तो प्रोग्राम खरंच चालू आहे का आणि त्या पोर्टवर ऐकतोय का? विंडोजवर नेटस्टॅट, लिनक्सवर एसएस ही कमांड चालवली की कुठल्या पोर्टवर कोण कान लावून बसलंय त्याची यादी मिळते. त्यात पोर्ट नंबरच्या आधीचा पत्ता नीट वाचा, कारण खरी मेख तिथे असते. ०.०.०.० असेल तर प्रोग्राम आयपीव्ही४ वर सगळीकडून ऐकतोय. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःशीच बोलतोय, त्याच मशीनवरून उघडाल तर झकास चालेल आणि शेजारच्या खोलीतूनसुद्धा उघडणार नाही. डेव्हलपर मंडळींची गाडी इथे फार वेळा अडते, कारण बरेच फ्रेमवर्क मुद्दामच १२७.०.०.१ वर सुरू होतात. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये बाइंड ॲड्रेस किंवा होस्ट असं काहीतरी असतं, ते बदलायचं.

मग घरातल्याच दुसऱ्या मशीनवरून लोकल आयपी टाकून उघडून बघा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन म्हणून कमांड आहे, तिला पत्ता आणि पोर्ट दिला की टीसीपी (आधी हॅलो-हॅलो करून मग बोलायची पद्धत) जोडणी झाली का ते ती सांगते. मोबाइलवरून बघत असाल तर तो गेस्ट वायफायवर नाही ना ते आधी बघा, गेस्ट नेटवर्कचं कामच आतल्या मशीनपासून पाहुण्याला लांब ठेवणं. घरातूनच उघडत नसेल तर बाहेरून उघडायचा प्रश्नच येत नाही, आणि तुम्हाला कळलं की राउटरच्या रूलचा यात काही संबंध नाही. इथे निम्म्या केसेस सुटतात असा माझा अनुभव.

कारण घरातून न उघडण्याचं पहिलं कारण म्हणजे त्या मशीनची स्वतःची फायरवॉल. विंडोजचं जरा सविस्तर सांगतो. विंडोज प्रत्येक नेटवर्कला एक प्रोफाइल देतं, प्रायव्हेट किंवा पब्लिक, आणि फायरवॉलचे नियम प्रोफाइलप्रमाणे लागू होतात. तुम्ही नवीन राउटर आणलात, वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवलात, तरी विंडोजच्या लेखी ते नवीन नेटवर्क असू शकतं आणि ते गुपचूप पब्लिकमध्ये जाऊन बसतं. तुमचा नियम प्रायव्हेटपुरता. मग काल चालणारी गोष्ट आज बंद, आणि संशय अर्थातच नव्या राउटरवर.

दुसरी भानगड त्याहून छुपी. एखादा प्रोग्राम पहिल्यांदा ऐकायला बसला की विंडोज एक खिडकी दाखवतं, या ॲपला परवानगी द्यायची का. आपण घाईत कॅन्सल दाबतो. आपल्याला वाटतं काहीच झालं नाही, पण कॅन्सल दाबलं की विंडोज त्या प्रोग्रामसाठी ब्लॉक करणारा नियम लिहून ठेवतं. नंतर तुम्ही हाताने पोर्ट उघडायचा नियम टाकता, हिरवी खूण दिसते, तरी चालत नाही, कारण विंडोज फायरवॉलमध्ये एकाच गोष्टीला एक नियम हो म्हणतोय आणि एक नाही म्हणतोय तर नाहीचं चालतं. माइनक्राफ्ट सर्व्हरच्या एका केसमध्ये हे मी डोळ्याने पाहिलंय. इनबाउंड रूल्सची लांबलचक यादी उघडली, माइनक्राफ्ट नावाने शोधलं तर फक्त आपला हिरवा नियम. मग सुचलं की माइनक्राफ्ट जावावर चालतं, तर ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी या नावाखाली दोन नियम, दोघांसमोर लाल गोल. एक टीसीपीचा, एक यूडीपीचा (आधी जोडणी न करता सरळ पाठवायची दुसरी पद्धत). ते दोन काढले आणि त्याच सेकंदाला समोरचा आत आला. तेव्हा यादीत तुमच्या ॲपचं नाव शोधू नका, लाल खुणा शोधा.

नियमाच्या आत स्कोप नावाचा टॅब असतो, तिथे लोकल सबनेट लिहिलं असेल तर घरातून चालेल आणि बाहेरून नाही. ही जागा अशी आहे की घरातली टेस्ट पास होऊनही दोष मशीनच्या फायरवॉलमध्येच असतो. लिनक्सवाल्यांसाठी एवढंच, यूएफडब्ल्यू किंवा फायरवॉलडी चालू असेल तर तिथे पोर्ट उघडा, आणि डॉकर वापरत असाल तर उलटं लक्षात ठेवा की डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला बगल देऊन उघडा होतो, तुम्ही बंद समजताय तो बंद नसतो.

आता राउटर. इथल्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, मशीनचा आयपी बदलणं. राउटरचं डीएचसीपी पत्ते वाटतं, आज १९२.१६८.१.५० मिळालेला लॅपटॉप पुढच्या आठवड्यात ५३ वर असू शकतो, आणि रूल मात्र ५० कडेच पाठवत राहतो, जिथे आता टीव्ही बसलाय. त्यामुळे राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन करून त्या मशीनच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख नंबराला, पत्ता बांधून टाका. त्यातही एक गोम आहे, हल्लीचे फोन आणि विंडोज वायफायवर रँडम मॅक वापरू शकतात, तो बदलला की रिझर्व्हेशन गेलं पाण्यात, तेव्हा घरच्या वायफायपुरतं ते बंद करा. सर्व्हर चालवायचा तर केबलच लावा म्हणतो मी, पण ते जाऊ दे.

दुसरी चूक टीसीपी-यूडीपीची. माइनक्राफ्ट जावाला २५५६५ टीसीपी लागतो, बेडरॉकला १९१३२ यूडीपी. वायरगार्ड नेहमीच यूडीपी, साधारण ५१८२० वर. रूलमध्ये टीसीपी निवडून यूडीपीची वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत. खात्री नसेल तर बोथ निवडा, आणि चालायला लागल्यावर नको ते काढा. तिसरी, फॉर्ममधले रकाने. एक्स्टर्नल पोर्ट म्हणजे बाहेरून ज्यावर येणार तो, इंटर्नल म्हणजे प्रोग्राम ज्यावर ऐकतो तो, हे वेगळे असले तरी चालतं. सोर्स आयपी किंवा रिमोट होस्ट असा रकाना दिसला तर तो मोकळा सोडा, तिथे आपल्या मशीनचा पत्ता टाकला तर फक्त त्या पत्त्यावरून आलेल्यालाच प्रवेश, म्हणजे कोणालाच नाही. चौथी, राउटर स्वतःच तो पोर्ट वापरत असणं, रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर ८०, ४४३ किंवा ८०८० वर तोच बसलेला असतो. शिवाय काही इंटरनेट कंपन्या २५, ८० असे पोर्ट बाहेरूनच अडवतात, म्हणून एखादा पोर्ट काही केल्या होत नसेल तर एक्स्टर्नलला दहा हजारच्या वरचा कुठलाही आकडा टाकून बघा, झालं तर कारण कळलं.

साध्या घरगुती राउटरमध्ये रूल टाकला की फायरवॉलमध्ये वाट बहुतेक आपोआप होते. पीएफसेन्ससारखं स्वतंत्र फायरवॉल-राउटर सॉफ्टवेअर वापरत असाल तर नॅटचा नियम आणि फायरवॉलचा नियम वेगळे असतात, आणि तिथे नॅट आधी होतं, फायरवॉल नंतर. म्हणून फायरवॉलच्या नियमात पब्लिक आयपी नाही टाकायचा, आतल्या मशीनचा पत्ता आणि आतला पोर्ट टाकायचा. तुम्ही नियम लिहिता तेव्हा पॅकेटवरचा पत्ता आधीच बदललेला असतो, हे डोक्यात बसलं की मग चुकत नाही.

आता तपासायचं कसं, कारण टेस्टच चुकीची असेल तर बरोबर सेटिंगही मोडून ठेवाल. घरच्याच वायफायवर बसून स्वतःचा पब्लिक आयपी टाकून बघणं ही टेस्टच नाही. पॅकेट आतून राउटरकडे जाऊन परत आत वळायला लागतं, याला हेअरपिन किंवा नॅट लूपबॅक म्हणतात, आणि ते सगळ्या राउटरना येत नाही. बाहेरच्या माणसाला व्यवस्थित उघडत असतं आणि आपण घरात बसून बोंब मारत असतो. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून बघा. ऑनलाइन पोर्ट चेकर वापरत असाल तर ब्राउझरचं किंवा मशीनचं व्हीपीएन बंद करा, नाहीतर तो बिचारा व्हीपीएनच्या सर्व्हरचा पोर्ट तपासून बंद आहे म्हणून सांगतो. आणि चेकरला ओपन दिसायला त्या क्षणी प्रोग्राम चालू पाहिजे, रूल असला पण ऐकणारा कोणी नसला तर तो क्लोज्डच दाखवणार. बरेचसे चेकर फक्त टीसीपी तपासतात. यूडीपीमध्ये हॅलो-हॅलो करायची पद्धतच नाही, वायरगार्ड तर अनोळखी पॅकेटला मुद्दाम काहीच उत्तर देत नाही, तेव्हा चेकरवर त्याचा पोर्ट बंद दिसला म्हणून काही सिद्ध होत नाही.

टेस्ट फसली तर ती कशी फसली ते बघा, यात मोठी माहिती असते आणि लोक ती वाचतच नाहीत. कनेक्शन रिफ्यूज्ड लगेच आलं तर पॅकेट कुठेतरी पोचलं आणि कोणीतरी नाही म्हणालं. बराच वेळ फिरत राहून टाइमआउट आलं तर पॅकेट, किंवा त्याचं उत्तर, वाटेत कोणीतरी गिळलं. रिफ्यूज्ड असेल तर बऱ्याचदा सगळा रस्ता ठीक असतो, फक्त प्रोग्राम बंद असतो किंवा दुसऱ्या पोर्टवर असतो. पण नाही म्हणणारा राउटरही असू शकतो, मग रूल क्षणभर बंद करून तीच टेस्ट परत करायची, उत्तरात फरक पडला तर नाही म्हणणारा आतला, म्हणजे रूल काम करतोय. टाइमआउट असेल तर फायरवॉल, सीजीनॅट, चुकीचा लोकल आयपी यातलं काहीतरी. यात विंडोजचा अपवाद, त्याची फायरवॉल चालू असली की ऐकणारा प्रोग्राम नसतानाही ते नाही म्हणत नाही, गप्प बसतं.

अजूनही कळत नसेल तर शेवटचा उपाय, आणि खरं सांगायचं तर मी आता हाच लवकर करतो. त्या मशीनवर वायरशार्क किंवा टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम, चालू करून फक्त तो पोर्ट फिल्टर करायचा आणि मोबाइल डेटावरून एकदा जोडायचा प्रयत्न करायचा. एक ओळ उमटली, बाहेरच्या पत्त्यावरून सिन (जोडणीची पहिली हाक), तर राउटरचं काम झालेलं आहे, राउटरला हात लावू नका. काहीच उमटलं नाही तर अडथळा मशीनच्या आधी आहे. सिन दिसतं पण उलटं सिन-ॲक (त्या हाकेला ओ) जात नाही, तर मशीनची फायरवॉल किंवा प्रोग्राम. या एका खिडकीने जेवढा वेळ वाचतो तेवढा शंभर स्क्रीनशॉटनी वाचत नाही.

ती दोन संध्याकाळींची गोष्ट. एका ओळखीच्यांकडे कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, होता, घरातल्या लॅपटॉपवरून सगळे कॅमेरे दिसत होते, बाहेरून नाही. वॅन आयपी पब्लिक, रूल बरोबर, प्रोटोकॉल बरोबर. बाहेरून टाइमआउट. डीव्हीआरमध्ये काही वायरशार्क चालत नाही, म्हणून मी तोच रूल तात्पुरता लॅपटॉपकडे वळवला आणि तिथे एक छोटा वेब सर्व्हर चालू केला, बाहेरून लगेच उघडला. म्हणजे राउटर निर्दोष, लफडं डीव्हीआरमध्येच, पण मग घरातून चालतं कसं? पहिली संध्याकाळ इथे संपली. दुसऱ्या दिवशी डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर बसलो आणि एकेक रकाना मोठ्याने वाचत गेलो. आयपी १९२.१६८.१.६०, मास्क बरोबर, गेटवे (बाहेर जायचं दार) १९२.१६८.०.१. राउटर होता १९२.१६८.१.१ वर. जुन्या राउटरचा गेटवे कोणीतरी हाताने टाकलेला तसाच राहिला होता. घरातल्या घरात बोलायला गेटवे लागतच नाही, म्हणून आत सगळं गोड. बाहेरून आलेलं पॅकेट डीव्हीआरपर्यंत पोचत होतं, तो उत्तरही द्यायला बघत होता, पण ते उत्तर ज्या दारातून पाठवायचं ते दारच घरात नव्हतं. एक आकडा बदलला.

तेव्हापासून मी येणारी वाट बघतो तशी जाणारीही बघतो. मशीनवर व्हीपीएन चालू असेल तरी हेच होतं, पॅकेट राउटरमधून आत येतं आणि उत्तर व्हीपीएनच्या बोगद्यातून तिसरीकडेच बाहेर पडतं, समोरचा ते ओळखत नाही.

डीएमझेड हा पर्याय बऱ्याच राउटरमध्ये दिसतो, त्यात एका मशीनकडे सगळेच पोर्ट सोडले जातात. निदान म्हणून पाच मिनिटं वापरायला हरकत नाही, तोही मशीनची स्वतःची फायरवॉल चालू ठेवून. डीएमझेडने चाललं आणि रूलने नाही तर रूलमध्ये चूक, डीएमझेडनेही नाही चाललं तर राउटरचा रूल सोडून बाकीचं बघा. यूपीएनपी म्हणजे प्रोग्रामने स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेणं, गेम कन्सोलला सोयीचं, आणि कधीकधी तुमच्या हाताने टाकलेल्या रूलचा पोर्ट यूपीएनपीने आधीच दुसऱ्या कोणाला देऊन टाकलेला असतो, तेव्हा त्याची यादी एकदा नजरेखालून घाला.

आयपीव्ही६ आलं की चित्र पालटतं. तिथे प्रत्येक मशीनला स्वतःचा पब्लिक पत्ता, त्यामुळे नॅट नाही आणि फॉरवर्डिंगही नाही, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या मशीनच्या त्या पोर्टला परवानगी द्यायची. सीजीनॅटवाल्यांना ही चांगली पळवाट आहे, समोरच्याकडेही आयपीव्ही६ असेल तर. पण तुमच्या डोमेन नावाला दोन्ही प्रकारचे पत्ते जोडलेले असतील तर मोबाइल डेटावरून फोन आयपीव्ही६ ने येऊ शकतो, आणि तुम्ही तिकडे आयपीव्ही४ चा रूल घासत बसता.

आणि एक, उघडण्याआधी काय उघडताय ते बघा. इंटरनेटवरचे पत्ते चोवीस तास कोणी ना कोणी स्कॅन करत असतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने फॅक्टरीतून आलेले साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड वापरून कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ढीगाने ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) त्यांच्याकडून हल्ला झाला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कितीतरी जणांना उघडत नव्हत्या. तेव्हा कॅमेरे किंवा ३३८९ वालं रिमोट डेस्कटॉप सरळ बाहेर उघडू नका, एक वायरगार्डचा पोर्ट उघडा आणि त्यातून आत येऊन बाकी सगळं बघा. त्या डीव्हीआरचंही शेवटी आम्ही तेच केलं, दोन संध्याकाळी घालवून चालू केलेला रूल तिसऱ्या दिवशी मीच काढला.

सगळं चालायला लागलं की राउटर एकदा मुद्दाम बंद-चालू करून परत बाहेरून तपासा. बऱ्याच कनेक्शनवर तेवढ्यानेच पब्लिक आयपी बदलतो, बदलला तर डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या आयपीला एकच नाव जोडून ठेवणारी सोय, लावून घ्या. आणि शोधाशोध करताना टाकलेले बाकीचे रूल त्याच दिवशी काढा, डीएमझेड बंद झालंय ना तेही बघा, नाहीतर पुढच्या वर्षी तोच १९२.१६८.१.५० दुसऱ्याच कुठल्या डिव्हाइसला मिळतो आणि त्याच्याकडे जाणारी वाट आपण उघडी ठेवलीय हे कोणाच्या गावीही नसतं.